भिंत कोणासाठी सजते? जूनमधली वर्गखोली आणि तिच्यावरचं संशोधन

शाळा उघडण्याआधीच्या दोन आठवड्यांत शिक्षकाच्या डोक्यावर जो ताण असतो, त्याबद्दल संशोधन काय सांगतं? मी शिक्षकांच्या कामाच्या परिस्थितीवर पीएचडी करतेय, त्यामुळे दरवर्षी जूनच्या तोंडावर हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या हातात उत्तर आधीच असतं: "भिंती सजवू नका, मुलांचं लक्ष उडतं, असं सिद्ध झालंय ना? मग कशाला एवढा जीव काढायचा?"

हे "सिद्ध झालंय" कुठून आलं, त्यात नेमकं काय म्हटलंय, आणि आपल्याकडच्या जूनला ते किती लागू पडतं, ते आज बघू. म्हणजे हा लेख एका प्रसिद्ध शोधनिबंधाची, त्याच्या जोडीच्या एका मोठ्या पाहणीची आणि ताण मोजायच्या नेहमीच्या पट्टीची चिकित्सा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वर्गखोलीवरचं संशोधन मुलाचे डोळे मोजतं, ताणावरचं संशोधन शिक्षकाचं मन मोजतं, आणि या दोघांच्या मधे जी गोष्ट आहे, म्हणजे भिंतीवर तक्ता कोणी लावला, कधी, कोणाच्या पैशाने आणि कोणाला दाखवायला, ती दोघांच्याही हातून निसटते. जूनचा ताण नेमका तिथे राहतो.

चोवीस मुलं आणि एक खोली

२०१४ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन यांचा निबंध आला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं हे काम. त्यांनी बालवाडीच्या वयाची २४ मुलं घेतली, एक प्रयोगासाठीची वर्गखोली तयार केली आणि विज्ञानाचे सहा छोटे पाठ शिकवले. तीन पाठांच्या वेळी खोली सजवलेली होती: तक्ते, नकाशे, चित्रं. उरलेल्या तीन पाठांच्या वेळी चालू पाठाशी संबंध नसलेलं सगळं काढून टाकलेलं होतं. मुलं कुठे बघतात याचं चित्रण करून नोंदी केल्या आणि प्रत्येक पाठानंतर छोटी चाचणी घेतली.

निकाल असा: सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३८.६ टक्के वेळ दुसरीकडे होतं, रिकाम्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, रिकाम्या खोलीत ५५ टक्के.

प्रयोग म्हणून हे काम नीटनेटकं आहे. तीच मुलं दोन्ही खोल्यांत बसली, त्यामुळे "या गटातली मुलं मुळातच हुशार होती" असं म्हणायला जागा नाही. लहान मुलांना नको त्या गोष्टीकडे दुर्लक्ष करणं मोठ्यांपेक्षा अवघड जातं, हा मानसशास्त्रातला मुद्दा त्यांनी प्रत्यक्ष शिकवण्याच्या प्रसंगात तपासून दाखवला. याचं श्रेय द्यायलाच हवं.

माझी तक्रार निबंधाबद्दल कमी आणि त्याच्या वाचनाबद्दल जास्त आहे. वर मी "चालू पाठाशी संबंध नसलेलं" हे शब्द मुद्दाम लिहिले. हा निबंध एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना पहिल्यांदा गळून पडतात ते हेच शब्द. प्रयोग सांगतो की पाठ चालू असताना पाठाबाहेरच्या चित्रांची गर्दी लहान मुलांना महाग पडते. ऐकीव आवृत्ती सांगते की भिंतीवरचं काहीही वाईट. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. २४ मुलं, पंधरवड्याभराचा प्रयोग आणि एकच वयोगट एवढ्या पायावर दुसरं वाक्य उभं राहत नाही, आणि खुद्द लेखकांनीही तसा दावा केलेला नाही.

लक्ष उडालं की लक्ष लागलं?

पण निबंधाच्या आतही एक गृहीतक आहे, आणि ते आपल्याकडे आल्यावर डगमगतं. मूल शिक्षकाकडे किंवा पुस्तकाकडे बघतंय म्हणजे लक्ष आहे, आणि भिंतीकडे बघतंय म्हणजे लक्ष नाही. एक शिक्षक, एक इयत्ता, एक पाठ, सगळी मुलं समोर बसलेली. या चौकटीत हे गृहीतक बरोबर आहे.

आता महाराष्ट्रातली एक दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे आणा. पहिली ते चौथी, समजा पट ३४. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बाई दुसरीला हातच्याची बेरीज शिकवत असतात तेव्हा पहिली काय करते? ती भिंतीवरच्या अक्षरतक्त्यावर बोट ठेवून वाचते, फरशीवर रंगवलेल्या अंकांच्या चौकटींत चिंचोके मांडते, दोरीवर लटकवलेली शब्दपट्टी ओळखून त्या नावाची वस्तू शोधते. म्हणजे बहुवर्ग शाळेत भिंत आणि फरशी हा दुसरा शिक्षक असतो. त्या खोलीत पिट्सबर्गचा निरीक्षक बसवला तर पहिलीतली सगळी पोरं "लक्ष दुसरीकडे" या रकान्यात जातील, आणि प्रत्यक्षात ती दिलेलं कामच करत असतील.

याचा अर्थ निबंध खोटा ठरत नाही. अर्थ एवढाच की जिथे भिंत हे कामाचं साधन आहे तिथे "किती सजावट" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणत्या वेळी, कोणत्या मुलासाठी, कोणतं काम" हा प्रश्न लागतो. बाईंचा जूनमधला घोळही नेमका इथेच आहे. त्यांना रंगसंगती ठरवायची नसते. दोन इयत्तांचं वर्षभराचं वेळापत्रक भिंतीवर कसं बसवायचं ते ठरवायचं असतं. याला सजावट म्हणणं म्हणजे स्वयंपाकघर लावण्याला रांगोळी म्हणण्यासारखं आहे.

जे महत्त्वाचं ते हातात नाही

दुसरं काम ब्रिटनमधलं. सॅल्फर्ड विद्यापीठातल्या पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गखोल्या आणि ३,७६६ मुलं यांची पाहणी प्रसिद्ध केली. खोलीची भौतिक वैशिष्ट्यं मोजली आणि मुलांच्या एका वर्षातल्या प्रगतीशी ताडून पाहिली. त्यांच्या हिशेबात मुलामुलांच्या प्रगतीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे १६ टक्के फरक खोलीच्या वैशिष्ट्यांशी जोडता येतो. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. त्यामुळे कार्यकारणाचा दावा जपूनच करायला हवा. तरी एवढ्या प्रमाणावर प्रत्यक्ष खोल्या मोजण्याचं काम सहसा कोणी करत नाही, हे मान्य.

या अभ्यासातला सगळ्यात जास्त उद्धृत होणारा भाग भिंतींचाच: फार गजबजलेली खोली वाईट आणि फार ओकीबोकी खोलीही वाईट, मधलं प्रमाण बरं. पिट्सबर्गचा निबंध ऐकून सगळं उतरवायला निघालेल्यांनी हे जरूर वाचावं.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो भाग वेगळाच आहे. खोलीचा म्हणून जो परिणाम त्यांना दिसला, त्यातला जवळपास निम्मा वाटा उजेड, तापमान आणि हवा या तीन गोष्टींचा निघाला. दृश्य गजबज आणि रंग मिळून साधारण चौथा हिस्सा.

आता सांगा, खिडकी कोणत्या दिशेला आहे, पत्रा किती तापतो, पंखा चालतो का, वीजबिल थकल्यामुळे मीटर तोडलाय का, यातलं काय बाईंच्या हातात आहे? जवळजवळ काहीच नाही. ते इमारतीच्या मालकाच्या हातात आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा संस्थाचालकांच्या. बाईंच्या हातात उरतो तो तक्ता, पताका आणि कोपऱ्यातली वाचनपेटी. पण जाब मात्र याच उरलेल्या हिश्श्याबद्दल विचारला जातो. गळणाऱ्या छताबद्दल केंद्रप्रमुख "प्रस्ताव पाठवलाय" म्हणू शकतात. कोऱ्या भिंतीबद्दल बाईंना तसं म्हणता येत नाही. अधिकार एकीकडे आणि उत्तरदायित्व दुसरीकडे अशी ही वाटणी आहे, आणि ती आकडेवारीत दिसत नाही, कारण सॅल्फर्डच्या पाहणीतल्या खोल्यांना उजेड आहे, रंग आहे, पण त्या कोणी लावल्या याचा रकाना नाही.

ताण मोजायची पट्टी

आता दुसऱ्या बाजूने येऊ. शिक्षकांच्या ताणावर संशोधन भरपूर आहे. ब्रिटनमध्ये किरियाकू आणि सटक्लिफ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी "शिक्षकाचा ताण" हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला, तेव्हापासून हा प्रवाह वाहतोय. पुढे १९८१ मध्ये मास्लाक आणि जॅक्सन यांची थकव्याची प्रश्नावली आली आणि तिची शिक्षकांसाठीची आवृत्तीही निघाली. आजही कुठलाही एम.एड. किंवा पीएचडीचा प्रबंध उघडा, तिची भेट होतेच.

या प्रश्नावलीत उत्तरं वारंवारतेत द्यायची असतात. अमुक भावना किती वेळा येते? शून्य म्हणजे कधीच नाही, सहा म्हणजे रोज. मधल्या पायऱ्यांत १ म्हणजे "वर्षातून काही वेळा किंवा त्याहून कमी".

गंमत बघा. जूनचा पंधरवडा वर्षातून एकदाच येतो. त्या पंधरवड्यात बाई कितीही पिचल्या, झोपेत संच मान्यतेची स्वप्नं पडली, तरी या पट्टीवर तो अनुभव तळाच्या पायरीवर बसतो. पट्टी वाईट म्हणून हे होत नाही. ती साचलेला, लांबलेला थकवा मोजायला बनवलेली आहे आणि ते काम ती बऱ्यापैकी करते. पण आपण तिच्या हाती "शिक्षकांचा ताण" हा सगळाच विषय सोपवून मोकळे झालो. परिणामी जो ताण हंगामी आहे, पेरणीसारखा ठरावीक दिवसांत दाटून येतो, तो मोजमापातून सुटतो. शेतकऱ्याच्या कष्टाची वार्षिक सरासरी काढून "रोज तीन तास काम" असं कोणी म्हटलं तर आपण हसू. शिक्षकाबाबत तेच करताना मात्र आपण तक्ता क्रमांक ४.२ छापतो.

कामाच्या ताणाचा दुसरा प्रसिद्ध सिद्धांत रॉबर्ट कारासेक यांचा, १९७९ चा. तो सांगतो की नुसतं काम जास्त म्हणून माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, ही जोडी माणसाला खचवते. त्या मूळ निबंधातली माहिती अमेरिका आणि स्वीडनमधल्या पुरुष कामगारांची होती, बाईंचा वर्ग त्यात कुठेच नव्हता. तरीही जूनसाठी मला हाच सिद्धांत जास्त कामाचा वाटतो, कारण तो "काम किती" वरून नजर काढून "ठरवतं कोण" याकडे नेतो.

एकच तक्ता घ्या. मे महिन्याच्या दुपारी घरी बसून, रेडिओ लावून, स्वतःच्या डोक्यातून निघालेली शब्दांची पट्टी कापणं हा अनेक शिक्षकांचा आवडता उद्योग असतो. तीच पट्टी "उद्या भेट आहे, फोटो गटावर टाका" असा निरोप आल्यावर रात्री अकरा वाजता कापावी लागली की तो ताण. कागद तोच, कात्री तीच, वेळही जवळपास तेवढाच. बदलली ती फक्त मुभा. त्यामुळे "वर्गखोली लावणं तणावाचं असतं का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाच्या हुकमावरून लावणं, असं विचारायला हवं.

कारासेकच्या चौकटीला मात्र एक जोड द्यावी लागेल. त्यात मुभा ही नोकरीचा कायमचा गुणधर्म मानली आहे. अमुक नोकरीत मुभा जास्त, तमुक नोकरीत कमी. शिक्षकाच्या बाबतीत मुभा महिन्यागणिक बदलते. सप्टेंबरमध्ये दार लावून शिकवणाऱ्या बाई वर्गाच्या राणी असतात. जूनमध्ये त्यांना आपल्याकडे कोणती इयत्ता येणार, पट टिकणार की एक पद कमी होणार, बदलीची यादी लागणार की नाही, हेसुद्धा ठाऊक नसतं. आणि ज्याला वर्गच माहीत नाही त्याने वर्ग तयार कसा करायचा?

२०२५ चा जून याचं ताजं उदाहरण. पहिलीचा नवा अभ्यासक्रम त्याच वर्षी लागू होत होता. १६ एप्रिलला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा शासन निर्णय आला. त्यावर वादंग झालं. राज्याच्या बहुतेक भागात १६ जूनला शाळा उघडल्या, आणि सुधारित निर्णय आला १७ जूनला. मग २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. भाषाधोरणाबद्दल तुमचं मत काहीही असो. पहिलीच्या बाईंच्या जागी उभं राहून बघा: हिंदीची वर्णमाला भिंतीवर लावायची की नाही, याचं उत्तर अडीच महिन्यांत तीनदा बदललं, आणि त्यातले दोन बदल मुलं वर्गात येऊन बसल्यावर झाले. हा ताण कोणत्या प्रश्नावलीत कुठे लिहायचा?

भिंतीचे दोन वाचक

आपल्याकडच्या भिंतींना एक इतिहास आहे, आणि तो सन्मानाने सांगावा असा आहे. कबीर वाजपेयी यांच्या 'विन्यास' या संस्थेने 'बाला' ही कल्पना मांडली: शाळेची इमारत हेच शिकण्याचं साधन. दाराखालच्या फरशीवर कोन आखायचे, म्हणजे दार उघडताना कोन दिसतो. खिडकीच्या गजांना असे आकार द्यायचे की बोट फिरवून अक्षरांची वळणं गिरवता येतील. यातली गोम अशी की वस्तू मुलाने वापरायची आहे, नुसती बघायची नाही.

पुढे साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळांनी फरशीवरच्या चौकटी, मोजायच्या वस्तू आणि गटात बसून शिकणं यांतून जे उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयानंतर 'ज्ञानरचनावादी वर्ग' हा शब्द घरोघरी नाही तरी शाळोशाळी पोचला.

मग जे झालं ते कुठल्याही चांगल्या कल्पनेचं होतं. मुलं गटात कशी बोलतात, चुकल्यावर बाई काय करतात, हे भेटीच्या वीस मिनिटांत दिसत नाही आणि फोटोत तर मुळीच येत नाही. रंगवलेली फरशी मात्र फोटोत झकास येते. त्यामुळे पद्धतीचा जो भाग नजरेला दिसतो तो पसरला, आणि जो दिसत नाही तो मागे राहिला. गुण देण्याच्या तक्त्यांतही दिसणाऱ्या गोष्टींना रकाने मिळाले. २०२३-२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेचं नावच बघा. "सुंदर" हे विशेषण मुलाच्या शिकण्याला लागलेलं नाही, शाळेला लागलंय.

म्हणून मी म्हणते की आपल्या भिंतीला दोन वाचक आहेत. एक सहा वर्षांचा, जो तिच्यासमोर वर्षभर बसणार. दुसरा अधिकारी, पाहुणा किंवा गटावरचा फोटो, जो तिच्यासमोर वीस मिनिटं थांबणार. पहिल्या वाचकाला हळूहळू भरत जाणारी भिंत हवी: आज शिकलेला शब्द आज लागावा, जुना झालेला उतरावा. दुसऱ्या वाचकाला पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली भिंत हवी, कारण प्रवेशोत्सवाला गुलाबाची फुलं आणि गोड खाऊ घेऊन मंडळी येणार असतात. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि एकाच माणसाने दोन्ही पुऱ्या करायच्या आहेत. जूनच्या ताणाचं माझं निदान हे आहे. पिट्सबर्गच्या प्रयोगात दुसरा वाचक नव्हताच, म्हणून तो निबंध बाईंना "कमी लावा" एवढंच सांगू शकतो. कमी लावल्याबद्दल शेरा आला तर काय करायचं, हे त्याच्या कक्षेबाहेर आहे.

खिसा

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अमेरिकेत तिथल्या केंद्रीय शिक्षण आकडेवारी केंद्राने २०१४-१५ या शालेय वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून परतफेडीविना खर्च केल्याचं सांगितलं, सरासरी ४७९ डॉलर. तिथे या खर्चापोटी प्राप्तिकरात २००२ पासून २५० डॉलरची आणि २०२२ मध्ये ३०० डॉलरची वजावट मिळू लागली. म्हणजे सरकारने हा खर्च मान्य केला, पण भरून द्यायच्या ऐवजी त्यावरचा कर तेवढा सोडला.

आपल्याकडे सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये वेगळे मिळायचे. २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली आणि शाळेचं एकत्रित अनुदान सुरू झालं. वर मानलेल्या ३४ पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपये बसतं. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्यात वीजबिल, पाणी, मोडकंतोडकं सामान, किरकोळ डागडुजी, आणि त्यातूनच अध्यापन साहित्य. ५०० रुपये ही रक्कम हास्यास्पद होती, पण "हे बाईंच्या वर्गाचं" असं तिच्यावर लिहिलेलं होतं. एकत्रित अनुदानात तक्त्याची स्पर्धा वीजबिलाशी असते, आणि वीजबिल नेहमी जिंकतं. मग तक्ता खिशातून येतो. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६,००० रुपये झालं. गावात भाड्याने राहणाऱ्या, घरी पैसे पाठवणाऱ्या शिक्षणसेवकाने त्यातून रंगाचे डबे आणायचे म्हणजे काय, हे सांगायला सांख्यिकी लागत नाही.

वेळेचंही तसंच. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास काम धरलंय, आणि त्यात तयारीचा वेळ स्पष्टपणे मोजलाय. तयारी हे काम आहे, हे कायद्याला मान्य आहे. कलम २७ अशैक्षणिक कामं नको म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना अपवाद करतं. २०२४ मध्ये लोकसभेचं मतदान राज्यात १९ एप्रिल ते २० मे असं पाच टप्प्यांत झालं. म्हणजे ज्या सुट्टीत तयारी व्हायची त्यात शिक्षक निवडणुकीच्या कामावर, आणि शाळा मतदान केंद्र. जूनमध्ये कुलूप उघडलं की आधी बाकं जागेवर आणा, भिंतीवर चिकटवलेल्या सूचना खरवडा, आणि मग आपली वर्णमाला लावा.

मग काय विचारायचं, काय करायचं

संशोधनाकडून माझी मागणी साधी आहे. जूनच्या दोन आठवड्यांची रोजनिशी घ्या. वर्षाच्या सरासरीत ते दिवस बुडवू नका. प्रत्येक कामापुढे चार रकाने ठेवा: किती वेळ, कोणाचे पैसे, कोणाच्या सांगण्यावरून, आणि मुलांनी ते नंतर वापरलं का. मला खात्री आहे की तिसरा आणि चौथा रकाना शेजारी ठेवले की ताणाचं चित्र कुठल्याही सात-पायरी पट्टीपेक्षा स्वच्छ दिसेल. आणि पुढच्या वेळी कोणी शिक्षकांसाठी "ताणमुक्ती" म्हणून श्वासाच्या व्यायामाची कार्यशाळा काढली, तर आधी हा तक्ता मागवावा. श्वास शिक्षकाचा कोंडलेला नाही, त्याची मुभा कोंडलेली आहे.

प्रशासनाला करता येण्यासारख्या गोष्टी महाग नाहीत. बदल्या आणि इयत्तांची वाटणी एप्रिलअखेर संपवावी. एकत्रित अनुदानातला ठरावीक हिस्सा वर्गाच्या नावाने, शाळा उघडण्याआधी, वेगळा द्यावा. मुलांच्या आधी शिक्षकांना जे दिवस शाळेत बोलावलं जातं, ते सभा आणि ऑनलाइन माहिती भरण्यात न घालवता वर्गासाठी राखावेत. आणि भेटीच्या नमुन्यात "भिंतीवर साहित्य आहे काय" हा प्रश्न बदलून "भिंतीवरचं कोणतं साहित्य मुलांनी आज वापरलं" असा करावा. एका वाक्याच्या या बदलाने दोन्ही वाचक एकाच बाजूला येतात. अधिकाऱ्यालाही मग मुलाच्या नजरेनेच भिंत वाचावी लागते.

आणि बाईंना, गुरुजींना? सल्ला द्यायचा मला फारसा अधिकार नाही, पण संशोधनाच्या जोरावर एवढं नक्की म्हणता येईल: पहिल्या दिवशी भिंतीचा मोठा भाग मोकळा ठेवणं हा आळस नव्हे, त्याला आधार आहे. पिट्सबर्गचा प्रयोगही तेच सांगतो आणि सॅल्फर्डची पाहणीही फार दूर नाही. ज्या इयत्तेला आत्ता भिंतीवरून काम करायचंय तिचं तेवढं लावा. बाकीची जागा मुलांच्या नावाने सोडा आणि तिथे चक्क खडूने लिहा: "इथे आमचं काम लागेल." भेटीला आलेल्या साहेबांनी विचारलं की ही भिंत कोरी का, तर हा लेख दाखवा. तरी शेरा मारलाच, तर तो जपून ठेवा. माझ्यासारख्या कोणाला तरी पुढे तो पुरावा म्हणून लागेल.